कृपाबाईंची आडवी फांदी

आज शनिवार आहे आणि हे सगळं मला आजच्या आज लिहून काढायचं आहे, कारण उद्या दुपारी माझे हात बंद असतात. का बंद असतात ते सांगते. पण त्यासाठी आधी कृपाबाई सांगायला हव्यात.

मी चांद्याला मिशनच्या कचेरीत टाइपिस्ट आहे. नागपूरला शिकून आले. भरभर टाइप करते, भरभर बोलते, भरभर जेवते. आई म्हणते, हिला जन्माला यायचीसुद्धा घाई, सातव्याच महिन्यात आली. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला तेव्हा कचेरीतल्या एकेका छापील कागदावरचं जुनं नाव खोडून नवं टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या ढिगाऱ्यातून पाळकसाहेबांनी मला उचललं. म्हणाले, "गडचिरोलीच्या पलीकडे जंगलात आपला दवाखाना आहे. तिथल्या कृपाबाईंनी दोन वर्षं अहवाल पाठवलेला नाही. तू मशीन घेऊन जा, त्यांच्याकडून वदवून घे, तिथंच टाइप कर. आणि हे पत्र त्यांच्या हातात दे."

पत्र मीच टाइप केलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते मला माहीत होतं. दर रविवारी, म्हणजे ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी दवाखान्याच्या दारात झाडाची फांदी आडवी टाकून काम बंद ठेवतात अशी तक्रार आली आहे. ही फांदीची रीत ख्रिस्ती नाही. महिनाअखेरीच्या रविवारी आपण स्वतः येऊन पाहू. तोवर हे थांबलं नसेल तर दवाखाना दुसऱ्या नर्सबाईंकडे सोपवावा लागेल.

व्याहाडपर्यंत मोटर, मग डोंग्यातून वैनगंगा, मग गडचिरोली आणि तिथून दीड दिवस बैलांची बंडी. मशीनला हिसके बसू नयेत म्हणून मी ते गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. बंडीवाला दर खड्ड्याला मागं न बघता विचारायचा, "बाई, लेकरू ठीक हाय ना?" मी पहिल्यांदा सांगायला गेले की हे लेकरू नाही, मग सोडून दिलं. ठीक आहे म्हणायला लागले.

कृपाबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या पाठमोऱ्या. आमच्या बंडीच्या मागून एक बाई चालत आली आणि बंडीच्या पुढे निघून गेली! पांढरं लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं, पायात बिननाडीचे पुरुषी कॅनव्हासचे बूट, खांद्यावर बॅग, कमरेला किल्ल्या. तोंडानं उपासनेतलं गीत चाललेलं, पण चाल भलतीच. बंडीवाला म्हणाला, "ह्याच कृपाबाई. माहे बैल बाईच्या पुढं कधी गेले नाई." मी हाक मारली. त्यांनी वळून माझ्याकडे, गोधडीकडे पाहिलं, म्हणाल्या, "दवाखान्यात उतर माय, मी पाच मिन्टात आलो." आणि झाडीत गडप. तीन तासांनी आल्या. एका बाईचं बाळंतपण करून, एकाची पट्टी बदलून आणि वाटेत कुणाच्या तरी बैलाच्या खुरातला काटा काढून. दारातच म्हणाल्या, "आटपलं!"

हा त्यांचा शब्द. सुई टोचून झाली, आटपलं. प्रार्थना झाली, आटपलं. वय पन्नाशीचं, मूळच्या आरमोरीकडच्या, नवरा तरुणपणीच हिवतापानं गेलेला. एकटीनं दवाखाना चालवायच्या. डॉक्टर महिन्यातून एकदा आले तर आले. कुनैन कडू म्हणून कुणी तोंड फिरवलं की विचारायच्या, "लेकरं किती? नावं सांग एकेकाचे." माणूस नाव सांगायला तोंड उघडायचा आणि गोळी आत. मिशनला चालत नाही हे पक्कं ठाऊक असून तंबाखूची मिसरी लावायच्या. डबी कुनैनच्या बाटल्यांमागे. मी पाहिलं तर डोळा मारून म्हणाल्या, "अहवालात घेऊ नको हे."

मी दिवसभर त्यांच्या मागं वही घेऊन फिरायचे आणि मग खोलीत बसून टाइप करायचे. तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझं नाव टाकून दिलं. "ए टकटक, चहा घे." गावातली पोरंसुद्धा मला टकटकबाई म्हणायला लागली.

पत्र मी पहिल्याच संध्याकाळी दिलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, चार घड्या घातल्या, खाली वाकल्या आणि औषधांच्या टेबलाच्या एका पायाखाली सरकवलं.

"कवापासून डुलून राह्यलं होतं," म्हणाल्या.

"बाई, पण दवाखाना काढून घेतील ना!"

"वाचलं ना मी." टेबल हलवून पाहिलं. हलेना. तरी हात तसाच टेबलावर राहिला. "अकरा वर्सं झाले मले इथी. दुसरं घर नाई मले, टकटक. भेव त लागतेच." मग एकदम, "चाल, सुया उकडाच्या हायेत."

म्हणजे हा प्रश्न तीन आठवडे टेबलाच्या पायाखाली होता आणि आम्ही दोघी त्या टेबलाभोवती वावरत होतो. मी तर रोज विचारायचे. "बाई, फक्त त्या एका रविवारी नका टाकू ना फांदी. साहेब येतील, बघतील, जातील." त्या म्हणायच्या, "आन मंग बाकीच्या रविवारी चोरून टाकू का?"

पहिला रविवार आला. सकाळी दवाखान्याच्या पडवीत उपासना, नऊ-दहा माणसं. लगेच बाजारचे रोगी. केवढी गर्दी! मोहफुलं, डिंक, कोंबड्या विकायला आलेली माणसं आधी दवाखान्यात. कृपाबाईंचे हात दिसेनात इतके चालत होते. आणि सूर्य डोक्यावर आला तसे त्यांनी हात धुतले, मागून पळसाची पानांनी भरलेली एक फांदी आणली, दारात आडवी टाकली, उंबऱ्यावर चटई टाकून बसल्या. पंधरा-वीस माणसं अजून बाकी होती! मला वाटलं आता ओरडा होणार. कुणीही ओरडलं नाही. माणसं खाली बसली. कुणी भाकर सोडली, कुणी अंगणातल्या मोहाच्या झाडाला टेकलं.

"कुठवर?" मी विचारलं.

"मोहाची सावली पायरीवर चढेपर्यंत."

"आणि कुणी मरायला टेकलं तर?"

"फांदी हाय पोरी, भिंत नाई. ज्याले खरंच गरज हाय तो ओलांडते. रगत असन, बाळंतपण असन, साप चावला असन, त या ना. बाकीचा खोकला सावलीपर्यंत थांबते."

मी त्यांच्या शेजारी बसले. बसता येईना. अर्धा अहवाल राहिलेला. थोड्या वेळानं कृपाबाईंनी डोळे न उघडताच माझ्या हातावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं, मी माझ्या गुडघ्यावर टाइप करत होते.

फांदीची गोष्ट मला त्यांनी पुढच्या आठवड्यात सांगितली, चुलीवर सुया उकळत असताना. मी शक्य तितकी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण मी ती ऐकल्या ऐकल्या टाइप करून ठेवली होती.

"मी तुह्यासारखीच होती, टकटक. नुसती पळत होती. रविवारी उपासना झाली का बॅग उचलली. लोक म्हणत, बाई म्हणजे देवमाणूस. मले गोड लागे ते. पण प्रार्थनेले डोळे मिटले का यादी सुरू. कुनैन सरलं, कापूस आणा लागते, अमक्याच्या पोराची पट्टी राह्यली. प्रभूसंगं बोलत नव्हती मी, त्याले सामान सांगत होती.

"पावसाचे दिवस. देवीची लस आली होती, दोन दिवसात खराब होणारी. मी बंडी काढली, आतल्या एका गावाले गेली. माडिया लोकायचं गाव. त त्या दिवशी त्यायचा पोलो. पोलो म्हणजे काम बंद. कोणी नांगर धरत नाई, लाकूड तोडत नाई, गावाच्या वाटेवर फांदी आडवी टाकते. बंडीवाला म्हणे, बाई, पोलो हाय, उद्या येऊ. मी म्हणली, लस का पोलो समजते? उतरली, आन फांदी उचलून झुडपात फेकली."

"मग?"

"मंग काय, गावात शिरली. बायायले पाणी भराले लावलं, जाळ कराले लावलं. पोरं धरून आणाले लावले. सगळ्यायले टोचलं. दुपारी आटपलं. लई खूश होती मी."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"लालसू त्या गावचा गायता, म्हणजे पुजारी. रात्री मी तिथीच राह्यली. सकाळी उठून पाहतो त वाटेवर नवी फांदी. पोलो मोडला होता ना, म्हून आखीन एक दिवस बसाचा. पाऊस बरोबर पडून गेलता. धान भिजवून ठेवलं होतं पेराले, टोपल्यात मोड येऊन राह्यले होते. एक दिवस गेला त बियाणं खराब होईन. आन सारं गाव बसलं. माह्यापायी. कोणी एक शब्द बोललं नाई मले. मी म्हणली, मी जातो. लालसू म्हणे, नाई. ज्यानं मोडला त्यालेही बसा लागते. एका म्हातारीनं चटई टाकली, मले म्हणे, बस.

"मी बसली. सकाळभर मनातल्या मनात पळून राह्यली. ते धानाचे मोड दिसत होते, रडू येऊन राह्यलं होतं. दुपार झाली आन मी थकली. यादीच थांबली. काही दिसलं नाई मले, आवाज नाई आला काही. नुसतं असं वाटलं का प्रभू कवापासून बाजूले बसून हाय, आन मीच उठून उठून पळून राह्यली होती."

त्यांनी लाकूड परत आत सारलं. भांड्यात सुया खुळखुळत होत्या.

"लेकरपणापासून शिकलो आपण, देवानं काम केलं आन सातव्या दिवशी बसला. पोरायले शिकवलंही मी ते. पण बसली कधी नाई. मंग लालसूले विचारलं, तुमची फांदी मी घेऊ का माह्या रविवारले? त हासला. म्हणे, फांदी का माह्या बापाची हाय? जंगलाची हाय."

"आणि ते धान?"

"काही गेलं, काही वाचलं. मी पुढच्या वर्षी पेरणीले गेली त्यायच्या शेतात. दोन दिवस. लालसू म्हणे, बाईले पेरता येत नाई, नुसती फेकते."

महिनाअखेरीचा रविवार उजाडला. मी सकाळपासून तीनदा रस्त्यावर जाऊन आले. कृपाबाईंनी मिसरीची डबी पिठाच्या डब्यात हलवली, एवढीच त्यांची तयारी. सूर्य डोक्यावर आला, त्यांनी हात धुतले. फांदी उचलली. आणि उभ्या राहिल्या. मागं वळून एकदा टेबलाच्या पायाकडे पाहिलं. मला वाटलं, आता परत ठेवतील. खरं सांगते, मला तेव्हा तेच हवं होतं. मग त्यांनी ती टाकली, नेहमीसारखी, आणि चटईवर बसल्या.

तेवढ्यात बंडी आली.

पाळकसाहेब खाली उतरले ते कमरेवर हात धरूनच. जाडजूड माणूस, काळा कोट, दीड दिवसाचे हिसके खाल्लेले. त्यांनी दारातली फांदी पाहिली. बाहेर बसलेली माणसं पाहिली, गाठोडी, कोंबड्या, पोरं. गर्दीच्या पुढे लालसू गायता बसला होता, पाय सुजला होता म्हणून आलेला.

"कृपाबाई, हे काय?"

"फांदी, साहेब."

"पत्र मिळालं नाही का?"

"मिळालं. लई कामी आलं."

मी टेबलाकडे बघणंच टाळलं.

"मग ही उचला. इतकी माणसं ताटकळली आहेत."

"सावली पायरीवर आली का उचलतो. तवर तुम्ही बी बसा, साहेब. दमून आले."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मी निर्णय घ्यायला आलोय," असं म्हणून त्यांनी फांदी ओलांडायला एक पाय उचलला. लालसूनं खालूनच त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "तुले रगत हाय?"

"काय?"

"साप चावला?"

"नाही!"

"लेकरू होते तुले?"

सगळा जमाव हसला. बायांनी तोंडाला पदर लावले. साहेबांचा पाय तसाच वर. लालसू हसला नाही. त्यानं हातानं बाजूची जागा झाडली आणि म्हणाला, "मंग बस."

आणि साहेब बसले! दुसरं काय करणार, पाय खाली ठेवायला जागा तीच होती. मोहाच्या बुंध्याला टेकून बसले, खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. सावली पायरीपासून खूप लांब होती. दोनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायला मान खाली घातली ती वर आलीच नाही. आधी श्वास मोठा झाला, मग घोरणं. असं घोरणं, की एक कोंबडी उठून लांब जाऊन बसली.

कुणी त्यांना उठवलं नाही. सगळे बसलेलेच होते, त्यात ते एक.

थोड्या वेळानं चार माणसं खाटेवर एका बाईला घेऊन आली. दिवस भरलेले, कळा सुटलेल्या. ती माणसं फांदीपाशी क्षणभर थांबली, मग ओलांडून आत गेली. कृपाबाई उठल्या. मी इतके दिवस त्यांना धावताना पाहिलं होतं, पण तशा उठताना पाहिलं नव्हतं. घाई अजिबात नाही आणि उशीरही नाही. त्या बसण्यातूनच ते उठणं आलं, जसं काही दोन्ही एकच काम. मी गरम पाणी नेलं. आतून एकदा किंकाळी, एकदा त्यांचं बेसूर गीत, आणि मग बारीक टँहँ. त्या बाहेर आल्या, हात पुसले, परत चटईवर बसल्या. सावली अजून दोन हात लांब होती.

साहेबांना जाग आली तेव्हा ती पायरीच्या कडेला टेकत होती. ते दचकून सरळ झाले, कोट झटकला. "काय... काही झालं का?"

"काही नाई साहेब," कृपाबाई म्हणाल्या. "एक पोट्टी झाली."

मग त्या उठल्या, फांदी उचलून बकरीपुढे टाकली आणि म्हणाल्या, "हं. आता बोला. काय निर्णय?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं, आतून येणाऱ्या त्या बारीक रडण्याकडे कान दिला, लालसूकडे पाहिलं. साहेबांच्या गालावर झाडाच्या सालीची नक्षी उमटली होती. त्यांनी तळव्यानं ती चोळली. मग म्हणाले, "चहा आहे का?"

रात्रीच्या जेवणाला, सकाळच्या प्रार्थनेला, कुठेही त्यांनी तो विषय काढला नाही. त्यानंतरचं आधीच सांगून टाकते. चांद्याला परतल्यावर त्यांनी मला टाइप करायला सांगितलं, "फांदीबाबतचा निर्णय पुढील तपासणीपर्यंत राखून ठेवला आहे." त्याला आता दीड वर्ष झालं. साहेब दर दोन महिन्यांनी तपासणीला जातात. रविवारीच जातात. जाताना स्वतःची चटई नेतात. निर्णय अजून राखून ठेवलेलाच आहे आणि तो कागद दर वेळी मीच टाइप करते, एकही अक्षर न बदलता. रविवारी दुपारी मात्र माझं मशीन गोधडीतच असतं.

पण मला सांगायचा आहे तो आमच्या निघण्याचा सोमवार. साहेब आणि मी बंडीत, मशीन गोधडीत. कृपाबाई उजाडायच्या आतच कुठंतरी निघून गेल्या होत्या, निरोपसुद्धा झाला नव्हता आणि मला फार वाईट वाटत होतं. गाव सुटलं, झाडी सुरू झाली. आणि मागून ते बेसूर गीत आलं. खांद्यावर बॅग, कमरेला किल्ल्या, झपाझप.

बंडीच्या बरोबरीला आल्या तशा चालता चालताच त्यांनी गोधडीवर थाप मारली. "संभाळून ने लेकराले." मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी पुन्हा गुडघ्यावर टाइप करत होते. नुसत्या हसल्या.

"इतक्या घाईत कुठे, कृपाबाई?" साहेबांनी विचारलं.

"घाई कुठी, साहेब? चालून राह्यलो."

आणि पुढे निघून गेल्या. नेहमीसारख्याच. बंडीवाल्यानं मान हलवली.

पुढच्या वळणाला पाहिलं तर त्या वाटेच्या कडेला एका दगडावर बसल्या होत्या. बुटात खडा गेला होता. बूट काढला, उपडा केला, झटकला, परत पायात घातला. मला वाटलं, आता उठतील आणि परत आमच्या पुढे जातील. त्या उठल्या नाहीत. बैल त्यांच्याजवळ आले, त्यांच्या पुढे गेले.

"पाह्यलं का साहेब," बंडीवाला हळूच म्हणाला, "पहिल्यांदा बाईच्या पुढं गेली माही बंडी."

मी मागं वळून पाहत राहिले. बॅग बाजूला ठेवलेली, मान झाडाकडे वर, दोन्ही हात मांडीवर नुसते. रविवार नव्हता, फांदीही नव्हती. वळण येईपर्यंत त्या तशाच बसलेल्या दिसत होत्या.